गुलमर्गची तयारी

भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखी रत्ना बसली होती आणि मांडीवरच्या ताटात घेवडा मोडत होती. मांड्या थरथरत होत्या, त्यामुळे ताटही थरथरत होतं.

“झालं का हो?”

“अजून थोडं.”

“मघाशीपण तेच म्हणालात. घड्याळ बघताय का पेपर वाचताय?”

मी पेपर वाचत होतो. तेवढ्यात शेजारच्या खोतकाकी विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

“अगं बया! कंबर धरली का काय गं?”

“नाही काकी, काश्मीरला चाललोय आम्ही. बर्फावरनं घसरायला.”

“मग घरातच का घसरायला लागलीस?”

रत्ना हसली आणि खरंच खाली घसरली. घेवडा जमिनीवर सांडला.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. माझं इस्लामपुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. रत्ना झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती, ती त्या वर्षी निवृत्त झाली. लोक निवृत्तीनंतर काशीला जातात, पोरांकडे जातात. आमच्या बाईसाहेबांनी निरोप समारंभाहून आल्या आल्या, शाल अजून खांद्यावर असताना मला सांगितलं, “गुडघे चालताहेत तोवर मला एकदा स्किइंग करायचंय.”

मला वाटलं गंमत करते आहे. तिचे वडील साखर कारखान्यात होते. कारखान्याच्या मागे बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, मोठा ढीग असायचा आणि कॉलनीतली पोरं पोत्यावर बसून त्यावरून घसरायची. रत्ना त्यांत पुढे. मोठी झाल्यावर ते बंद झालं. पुढे कधीतरी टीव्हीवर बर्फावरून घसरणारी माणसं दिसली की ती हातातलं काम सोडून बघत बसायची. मी ते बघत आलो होतो, पण त्याचं काही करायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिच्या शाळेतला एक विद्यार्थी सैन्यात होता, त्याची तिकडे नेमणूक झाली होती. त्याने गुलमर्गच्या एका शिकवणाऱ्या माणसाचा नंबर दिला. फयाज त्याचं नाव. रत्नाने त्याला फोन लावला आणि पहिल्यांदा वय सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, उम्र से नहीं, घुटने से होता है.” झालं. तिथून भिंतीला पाठ लावून बसणं सुरू झालं.

आम्ही दोघांनीच जायचं, आठवडाभर तिथेच राहायचं, रोज सकाळी फयाजकडे शिकायचं, असं ठरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. जेजुरी, तुळजापूर, कुणाची लग्नं, सगळीकडे गाडीभर माणसं. त्यामुळे आठवडाभर दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं, असाही प्रश्न मला पडला होता. तसं मी म्हणालो तर ती म्हणाली, “तुम्हाला कशाला काळजी? तुम्ही पडाल, मी हसेन. आठवडा जाईल.”

दुकानात मोटरी लाकडी खोक्यांतून यायच्या. त्यातल्या दोन लांब फळ्या मी तासल्या, पुढची टोकं थोडी निमुळती केली आणि वर माझ्या जुन्या चपलांचे पट्टे ठोकून दिले. संध्याकाळी गच्चीवर ती फळ्या पायात अडकवून चालायची. खडाक खडाक आवाज व्हायचा. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू वर आले. त्यांची तक्रार ऐकून घेऊन रत्नाने त्यांनाच फळ्या घालून बघायला लावल्या. ते चार पावलं चालले आणि हसत खाली गेले.

फयाज मधूनमधून फोनवर धडे द्यायचा. फोन ठेवला की रत्ना मला मराठीत सांगायची. “ऐका. माणूस भ्यालं की मागं झुकतं, आणि मागं झुकलं की पडतं. तर भ्यायचं असलं तरी पुढं झुकून भ्यायचं, म्हणतोय.”

“तू शिक. मी खाली उभा राहून बघीन.”

“काही नाही. तुम्ही पण या भिंतीपाशी. उठा, पेपर ठेवा.”

मग आम्ही दोघं शेजारी शेजारी भिंतीला टेकून, नसलेल्या खुर्च्यांवर बसायचो. माझा दम आधी जायचा.

तिकिटं काढायची तेवढी राहिली होती. त्याआधी कराडला जाऊन व्याह्यांना सांगून यावं असं मी म्हणालो. आमची सुवर्णा कराडला दिली आहे. तिचे सासरे दिनकरराव थोरवत, तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात होते. माणूस वाईट नाही, पण सगळ्यांत आपला शब्द पुढे असला पाहिजे. सुवर्णाने बी.एड. केलं होतं आणि तिला नोकरी करायची होती. वर्षभर त्या घरात त्यावर बोलणी चालली होती. आता कुठे दिनकरराव ‘बघू’ वरून ‘बघूया की’ वर आले होते.

“फोनवर सांगा की,” रत्ना म्हणाली.

“एवढं लांब जायचं आणि व्याह्यांना फोनवर सांगायचं? बरं दिसत नाही.”

“मला वाटतं तुम्ही जाऊ नये.”

“का?”

“असंच.”

मुलीकडच्यांनी व्याह्यांचा मान ठेवायचा, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. दूरचा प्रवास असला की सांगून जायचं, आल्यावर प्रसाद पोचवायचा. मी तसाच वाढलो. पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही कराडला गेलो.

दिनकररावांनी सगळं ऐकून घेतलं. पेढा खाल्ला. मग मांडीवर थाप मारली.

“पाव्हणं, झाक! पण दोघंच कशाला? आम्हीपण येतो की!”

मी हसलो. मला वाटलं बोलण्याची पद्धत आहे.

“हसता काय? खरंच म्हणतोय. सरोजिनी, ऐकलंस का गं? काश्मीरला जायचं आपण. व्याह्यांबरोबर.”

विहीणबाई आतून पदराला हात पुसत आल्या. “मला थंडी सोसत नाही हो.”

“स्वेटर कशाला असतात?” दिनकरराव माझ्याकडे वळले. “पण शामराव, ते आठवडाभर एकाच जागी काय करायचं? बर्फ बघून बघून किती बघायचा? आमच्या संघातले लोक गेले होते एका टूरबरोबर. आपले मराठी लोक, आपला आचारी. काश्मिरात पुरणपोळी घातली म्हणे! श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम, सगळं दाखवतात. मार्चच्या शेवटाला जाऊ.”

“आम्ही ते स्किइंग शिकायचं म्हणत होतो,” मी म्हणालो.

“मग शिका की! गुलमर्गला एक दिवस असतो. घाला फळ्या, काढा फोटो. ह्या वयात काय पदक आणायचंय?”

रत्ना म्हणाली, “तिथं एक माणूस ठरवलाय आम्ही. रोज थोडं थोडं शिकवणार होता.”

“ताई, मास्तरकी सुटली तरी शाळा सुटंना तुमची!” दिनकरराव मोठ्याने हसले. “सहलीला जाऊनसुद्धा तास?”

सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. मी तोंड उघडलं, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “चालंल की. तुमची सोबत झाली तर बरंच होईल.”

येताना एसटीत रत्ना खिडकीपाशी बसली होती. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, “आमचं बुकिंग झालंय, असं म्हणायचं होतं तुम्ही.”

“म्हणणार होतो.”

“मग?”

“सुवर्णा दारात उभी होती.”

“हां. मीपण तिच्याकडंच बघत होते.”

एवढंच. त्यावरून आमचं भांडण झालं नाही. भांडण व्हायला दोघांपैकी एकाने तरी वेगळं वागायला हवं होतं. घरी आल्यावर फयाजला तिनेच फोन केला. तिचं हिंदी नेहमी अघळपघळ असायचं, त्या दिवशी अगदी थोडक्यात बोलली. “भैया, इस साल नहीं. अगले साल पक्का.” मग भिंतीपाशी जाऊन बसली. मी म्हणालो, “आता कशाला?” तर म्हणाली, “एक दिवस तर एक दिवस. त्या दिवशी पडले तर तुमचे व्याही फोटो काढतील.”

सुवर्णाला जूनमध्ये नोकरी लागली. हे आधीच सांगतो, कारण नंतर सांगायला जमणार नाही.

टूर चांगली होती. आचारी खरंच पुरणपोळ्या करायचा. बसमध्ये भेंड्या, नाकावर लोकरीच्या टोप्या ओढलेली माणसं, ‘मागच्या सीटवाले पुढे या’ हा रोजचा तंटा. दिनकरराव रंगात होते. गुलमर्गला आम्ही सकाळी पोचलो. तिथे भाड्याने गमबूट आणि गुडघ्याखालपर्यंतचे कोट देतात. रत्नाने बूट घालून हॉटेलच्या दारात दोनदा उड्या मारल्या. समोर सगळं पांढरं होतं. उतारावर रंगीबेरंगी ठिपक्यांसारखी माणसं खाली येत होती. रत्ना नुसती बघत होती.

आणि विहीणबाईंना धाप लागली. फार काही नव्हतं. उंचीचं, थंडीचं, आणि निम्मं भीतीचं. टूरबरोबरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, “शेकोटीपाशी बसा, गरम पाणी प्या, बाहेर पडू नका. कुणीतरी जवळ असू द्या.”

कुणीतरी म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळत होतं. दिनकररावांनी हातमोजे काढलेसुद्धा नाहीत.

“बायका बसू देत शेकत. चला शामराव, दुपारनंतर बस सुटणार.”

मी रत्नाला बाजूला घेतलं. “मी थांबतो. तू जा.”

“तुम्ही? विहीणबाईंजवळ?”

तेही खरं होतं. परक्या हॉटेलात, व्याही बाहेर गेलेले आणि मी विहीणबाईंना गरम पाणी देत बसलोय, हे आमच्या लोकांत कधी झालं नाही. विहीणबाईच संकोचाने मेल्या असत्या. आणि व्याह्यांना ‘तुमच्या बायकोजवळ तुम्ही बसा’ असं सांगणारा माणूस मी नव्हतो.

“जावा तुम्ही,” रत्ना म्हणाली. तिने आपले हातमोजे काढून माझ्या हातात दिले. माझ्या मोज्यांपेक्षा ते चांगले होते. “जावा. नीट बघून या सगळं.”

मी गेलो. तिथल्याच दुसऱ्या एका शिकवणाऱ्याने आम्हाला फळ्या बांधल्या. दिनकरराव दोनदा पडले, तिसऱ्यांदा पडून राहिले आणि तसाच फोटो काढून घेऊन चहाच्या टपरीकडे गेले. माझ्या पायांत फळ्या अर्धा-पाऊण तास होत्या. मग वेळ संपली आणि मी परत आलो.

रत्ना हॉटेलच्या काचेपाशी उभी होती. विहीणबाई शेकोटीजवळ खुर्चीत होत्या, आता बऱ्या दिसत होत्या. मी बूट काढायच्या आत रत्ना जवळ आली.

“सांगा.”

“काय?”

“कसं वाटतं ते. सुरुवातीपासून सांगा.”

ती गमबूट घालूनच होती. पायांतले काढले नव्हते तिने. मला ते बघवेना. मी म्हणालो, “काही नाही गं. थंडी वाजते आणि माणूस पडतं.”

“एवढंच?”

“एवढंच. उगाच टीव्हीत दाखवतात. सारखं आपलं उठायचं आणि पडायचं. कोट भिजला सगळा.”

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग कोटाकडे बघितलं, बाहीवरचा बर्फ झटकला.

“मग बरं झालं, मी आले नाही ते,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसून गमबूट काढायला लागली.

मला बरं वाटलं. तिला हळहळ वाटू नये एवढंच मला हवं होतं आणि ते साधलं असं मी समजलो. दिनकरराव तोवर बसमध्ये जाऊन सगळ्यांना आपल्या पडण्याची गोष्ट सांगत होते, माणसं हसत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पहलगामला होतो.

त्या दिवाळीनंतर फयाजचा फोन आला. मी आतल्या खोलीत होतो. रत्नाचा आवाज ऐकू येत होता. तिने त्याची, त्याच्या पोरांची चौकशी केली. मग म्हणाली, “नहीं भैया, अब नहीं. हमारे साहबने करके देखा ना. उसमें कुछ खास नहीं, बोले.” तो काहीतरी बोलत राहिला. ती हसून म्हणाली, “आपका बर्फ अच्छा होगा भैया, पर साहब झूठ थोडी बोलेंगे.”

तेव्हा मी बाहेर येऊ शकलो असतो. पण मला वाटलं, मिटलं ते बरं झालं. पुन्हा जायचं म्हणजे पुन्हा कराडला सांगायला जायचं, पुन्हा तेच. शिवाय सुवर्णाला दिवस गेले होते. मी वायरीचं बंडल उलगडत बसलो.

भिंतीपाशी बसणं तिने कधी सोडलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

मागच्या वर्षी रत्ना गेली. आजार मोठा होता, पण लांबला नाही. तिचे गुडघे शेवटपर्यंत चांगले होते. डॉक्टर तिला उभं करायचे तेव्हा ती कुणाचा हात न धरता उठायची.

वर्षश्राद्ध झाल्यावर सुवर्णा मला थोडे दिवस कराडला घेऊन गेली. दिनकरराव आता अंथरुणावरच असतात, बोलणं कमी झालंय. दुपारी सुवर्णा शाळेतून येऊन स्वयंपाकघरात होती. विहीणबाई बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर वाती वळत बसल्या होत्या. बोलता बोलता रत्नाचा विषय निघाला.

“ताईंनी मला त्या काश्मिरात फार संभाळलं हो,” त्या म्हणाल्या. “मी आपली भेदरलेली. पण थोड्या वेळानं मला बरं वाटायला लागलं होतं. मी म्हटलं त्यांना, जावा आता तुम्ही, मी बसते एकटी, काय होत नाही मला.”

मी वर बघितलं. “मग?”

“मग काय! नको म्हणाल्या. तुमचा जीव घाबरा व्हायचा परत, म्हणाल्या. आणि म्हणाल्या, मी इथनंच बघते की. हे आले की सगळं सांगतील. मी म्हटलं, पुरुषमाणसं काय सांगत्यात? तर हसल्या. म्हणाल्या, तुम्हाला आमचे हे ठाऊक नाहीत. जळलेली मोटर आली तरी घरी येऊन तार न् तार सांगतात. कुठं जळली, कशी जळली, कुणी काय चूक केली. ऐकून ऐकून मला मोटर बांधता येईल. हे तर काय, बर्फच हाय.”

विहीणबाईंनी एक वात वळून ताटलीत ठेवली.

“काचेपाशी उभ्या राहिल्या त्या तुम्ही येईस्तोवर. हे का ते, हे का ते, करून माणसं दाखवत होत्या मला. तुम्ही कुठले ते काय कळलं नाही शेवटपर्यंत. सगळे सारखेच दिसत होते.” मग त्यांना काहीतरी आठवलं. “तुम्ही येऊन म्हणालात काही नाही त्यात. मला बरं वाटलं बघा, त्यांचं काय हुकलं नाही म्हणून. खरंच काही नसतं का हो?”

मी सांगायला लागलो.

पहिल्यांदा पडलो ते कुशीवर, सांगितलं. बर्फ कापसासारखा नसतो, वरून खरबरीत असतो, मिठासारखा, आणि कॉलरमधून आत जातो. दुसऱ्यांदा थोडा गेलो आणि पडलो. शिकवणारा पोक्त माणूस होता, विडी ओढत होता, तो म्हणाला, नीचे मत देखो, सामने देखो. तिसऱ्यांदा मी समोर बघितलं आणि फळ्या सुटल्या. म्हणजे मी काही केलं नाही. त्या आपल्या आपण निघाल्या आणि मी त्यांच्यावर होतो. आधी करकर असा आवाज होता, मग वेग वाढला तसा आवाजच गेला. कानाला वारा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कडेने मागे कानाकडे चाललं होतं. पोटात एकदम हलकं झालं, लहानपणी झोका वर जाऊन थांबतो तसं, फक्त ते थांबत नव्हतं. तेव्हा साठ वर्षांचा माणूस मी, दुकानात आयुष्य गेलं, मला कधी असं वाटलं नव्हतं. मी ओरडलो. काय ओरडलो ते नंतर कळलं. तिचं नाव घेऊन ओरडलो. घरात मी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती, ‘अगं’च म्हणायचो.

विहीणबाई ऐकत होत्या. बर्फाची त्यांना तेव्हा भीती होती आणि आताही त्यात त्यांना काही गोडी नव्हती, ते दिसत होतं. मध्ये एकदा त्यांनी पदर सावरला, एकदा आत सुवर्णाकडे बघितलं. तरी मी थांबलो नाही. उतार कुठे वळतो, कुठे झाडाची सावली पडल्यामुळे बर्फ निळा दिसतो, तिथे पाय कसे जड होतात आणि पुन्हा मोकळे होतात, सगळं सांगितलं. खाली येऊन उभा राहीपर्यंत.